ठरणं आणि होणं

माझं माहेर नगरचं, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं. सासर वसईचं, कॅथलिक. सासरे गेल्यावर महिन्यानं त्यांच्या नावाची मिस्सा होती. माझे वडील रात्रीच्या गाडीनं नगरहून आले आणि चर्चमध्ये शेवटून दुसऱ्या बाकावर बसले. ते पाळक नव्हते, पण मंडळीत उपदेश करायचे, आणि बायबलचं कुठलंही वचन अध्यायासकट सांगायचे. मिस्सा झाली, घरी आलो, चहा झाला. मग त्यांनी सासूबाईंना हळू आवाजात विचारलं, "विहीणबाई, राग मानू नका. देवमाणूस होते आमचे व्याही. त्यांचं तारण झालं याची तुम्हांला खात्री आहे ना? मग आता त्यांच्यासाठी मागायचं काय राहिलं?"

सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. कपबश्या गोळा करता करता म्हणाल्या, "तारण झालंय म्हणूनच तर मागते, दादा. झालं नसतं तर मागून काय उपयोग होता?"

वडील गप्प बसले. मला तेव्हा ते उत्तर भाबडं वाटलं. पुढे कॅथलिक चर्चचा अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथ वाचताना कळलं, की मृत्यूनंतर शुद्ध होत असलेल्या जिवांचं तारण निश्चितच असतं, राहिलेली असते ती फक्त शुद्धी. आणि जिवंतांच्या प्रार्थनेचा उपयोग तेवढ्यापुरताच. सासूबाईंचं व्याकरण चुकलं असेल, सिद्धान्त रेसभरही चुकला नव्हता. वडिलांचा प्रश्नही त्यांचा एकट्याचा नव्हता, पाचशे वर्षांचा होता. हे पुस्तक त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत लिहिलं गेलं आहे.

मराठीत या विषयाला हात घातला, की पहिल्या शब्दालाच ठेच लागते. ख्रिस्ती माणूस 'तारण' म्हणतो तेव्हा बुडणाऱ्याला वर ओढणारा हात त्याच्या डोळ्यांपुढे असतो. बाकीच्या महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे पतपेढी येते. आमच्या रस्त्यावर एका पतसंस्थेची पाटी होती, 'सोने तारण कर्ज'. रविवारच्या शाळेतलं तारण आणि हे तारण एकच समजून मी वडिलांना विचारलं होतं, सोन्यानं तारण होतं का? ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "ल्यूथरचं भांडण ह्याच पाटीवरून झालं."

गंमत सोडली तरी ते खरंच आहे. ब्रांडेनबुर्गच्या आल्ब्रेख्तला माइन्झचं आर्चबिशपपद हवं होतं. त्यासाठी रोमला भरायची रक्कम त्यानं आउग्सबुर्गच्या फुग्गर पेढीकडून कर्जाऊ घेतली. क्षमापत्रांतून येणाऱ्या पैशातला अर्धा वाटा या कर्जाला जायचा आणि अर्धा रोममधल्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला. योहान टेट्झेल हा डोमिनिकन संन्यासी गावोगाव त्यांचा प्रचार करत फिरत होता. ३१ ऑक्टोबर १५१७ ला मार्टिन ल्यूथरनं आपली ९५ विधानं आल्ब्रेख्तला धाडली ती यावरून. शाळेच्या इतिहासात आपण 'पापमुक्तिपत्र' हा शब्द वाचतो, तो मात्र फसवा आहे. त्या काळच्या शिकवणीतही त्या पत्रानं पाप माफ होत नव्हतं. माफी आधीच झालेली असायची. शेजाऱ्याचा बांध फोडला, शेजाऱ्यानं मोठ्या मनानं माफ केलं, तरी बांध पुन्हा घालून द्यायचा राहतोच, त्यातली ही सूट. टेट्झेलच्या श्रोत्यांना हा फरक किती उमगत होता, हा प्रश्न वेगळा. पैसे घेऊन सूट देण्याची पद्धत पोप पाचवे पायस यांनी १५६७ साली रद्द केली. सूट स्वतः मात्र कॅथलिक चर्चमध्ये आजही आहे, आणि प्रॉटेस्टंटांच्या कपाळावर तिनं आजही आठी पडते.

पण क्षमापत्रं हे निमित्त. ल्यूथर आउगुस्टीनच्या नावाच्या संन्यासी संघातला, एर्फुर्टच्या मठात घडलेला. तासन्‌तास पापनिवेदन करायचा, उठून चार पावलं गेला की एखादं राहून गेलेलं पाप आठवून परत यायचा. देव नीतिमान आहे या वाक्याची त्याला धडकी भरे. नीतिमान न्यायाधीशापुढे पापी माणूस टिकणार कसा? पौलाचं रोमकरांस पत्र शिकवता शिकवता त्याला वेगळाच अर्थ लागला. देवाचं नीतिमत्त्व म्हणजे देव ज्यानं मोजतो ते माप असं तो समजत होता; तो आता वाचू लागला, की देव जे देऊन टाकतो ते नीतिमत्त्व. १५२० साली त्यानं हे लग्नाच्या दाखल्यानं सांगितलं. वधू कर्जात बुडालेली, वर श्रीमंत. लग्न लागताक्षणी तिचं कर्ज त्याचं होतं आणि त्याची संपत्ती तिची.

इथे आपली भाषा मोठी मदत करते. लॅटिन बायबलमध्ये जो शब्द होता त्याच्या पोटात 'करणे' हा धातू आहे: नीतिमान करणे. पौलाच्या मूळ ग्रीक शब्दाला न्यायालयाचा वास आहे: निर्दोष ठरवणे. आमच्या घरच्या मराठी बायबलात 'नीतिमान ठरणे' आहे. मराठी माणसाला लग्न ठरणं आणि लग्न होणं यातला फरक कुणी समजावून द्यावा लागत नाही. ठरलं, की मुलगी त्या क्षणापासून त्या घरची म्हणून ओळखली जाते; ती त्या घरची 'होते' ते पुढच्या कैक वर्षांत, चुलीपासून देव्हाऱ्यापर्यंत. ल्यूथरचा सगळा जोर 'ठरण्या'वर. ठरणं एकदम होतं, पूर्ण होतं, बाहेरून मिळतं. माणसाच्या आतली दशा अजून धड नसली तरी ते खरं असतं. म्हणून तो म्हणू शकला, की ख्रिस्ती माणूस एकाच वेळी नीतिमान आहे आणि पापीही. कॅथलिक शिकवण म्हणते, ठरणं आणि होणं ही एकाच घटनेची दोन नावं. देव ज्याला नीतिमान म्हणतो त्याला तो आतून तसं करतोही. कृपा त्याच्यात ओतली जाते, वाढू शकते, आणि माणसानं जाणूनबुजून मोठं पाप केलं तर निघूनही जाते.

आता यातला कोणता वाचक 'एकाची श्रद्धा, दुसऱ्याची कर्मं' असं सोपं समीकरण मांडणार, हे मला ठाऊक आहे. मीही कॉलेजात तेच लिहून गुण मिळवले. आपल्याकडच्या वाचकाला तर तयार दाखलाही सुचतो: मर्कटकिशोरन्याय आणि मार्जारकिशोरन्याय. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरतं, मांजरीच्या पिल्लाला आई मानेला धरून नेते. श्रीवैष्णवांच्या दोन शाखांचा हा वाद. त्यात कॅथलिकांना माकड आणि प्रॉटेस्टंटांना मांजर बहाल करून मोकळं व्हायचा मोह होतो. तो दाखला इथे लावू नये. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेनं १३ जानेवारी १५४७ ला या विषयावरचा आदेश काढला, सोळा प्रकरणं आणि तेहतीस नियम. त्यातला पहिलाच नियम सांगतो, की कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं म्हणणारा धर्मबाह्य. आठव्या प्रकरणात तर आणखी स्पष्ट आहे: नीतिमान ठरण्याआधीचं काहीही, श्रद्धासुद्धा, ती कृपा कमावू शकत नाही. म्हणजे ट्रेंटच्या माकडालाही आईनंच उचललेलं आहे. फक्त उचलल्यावर त्यानं धरायचं असतं, आणि धरायचं बळही आईचंच. उलट ल्यूथरची मांजर पिल्लाला निजवून नेत नाही. खरा विश्वास चांगल्या कृत्यांवाचून राहूच शकत नाही, हे त्यानं लिहून ठेवलं आहे. दुसरा प्रॉटेस्टंट सुधारक जॉन कॅल्विन यानं सूर्याचा दाखला दिला: उजेड आणि ऊब या दोन गोष्टी आहेत, एकीचं काम दुसरीला लावता येत नाही, पण एक घेऊन दुसरी टाळताही येत नाही.

मग भांडण कशाचं? खरं तर एकदा ते मिटलं होतं. १५४१ साली सम्राट पाचव्या चार्ल्सनं रेगेन्सबुर्गला दोन्हीकडच्या विद्वानांना समोरासमोर बसवलं. एका बाजूला योहान एक याच्यासारखा ल्यूथरचा जुना हाडवैरी, पोपचे दूत कार्डिनल कोंतारिनी पाठीशी; दुसऱ्या बाजूला मेलांख्थन आणि बुत्सर. नीतिमान ठरण्याच्या कलमावर त्यांचं एकमत झालं. तिथे हजर असलेल्या कॅल्विनलाही समोरच्यांनी इतकं मान्य केल्याचं आश्चर्य वाटलं. पण चर्चेची गाडी प्रभुभोजनातली भाकर खरोखर काय होते, चर्चचा अधिकार किती, या वळणांवर अडली. जुळलेलं कलम ल्यूथरलाही पसंत पडलं नाही आणि रोमलाही. पुढे ट्रेंटमध्ये तेहतीस नियम झाले तेव्हा ल्यूथरला मरून अकरा महिने होत आले होते. उत्तर द्यायला तो नव्हता. इतिहासात मला सर्वांत हळहळ वाटते ती या सहा वर्षांची. पुस्तकाचं दुसरं प्रकरण त्यामुळे जरा लांबलं आहे, वाचकानं सांभाळून घ्यावं.

आणखी एक गोष्ट प्रस्तावनेतच सांगितलेली बरी. 'कॅथलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट' अशी सरळ रेघ मारता येत नाही. रेघ वाकडीतिकडी जाते. मिळालेलं तारण हातचं जाऊ शकतं का? कॅथलिक म्हणतात, जाऊ शकतं. ल्यूथरन म्हणतात, जाऊ शकतं. मेथॉडिस्टांचा जॉन वेस्लीही तेच म्हणतो. २४ मे १७३८ ला लंडनमध्ये ल्यूथरची रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना कुणीतरी वाचत असताना त्याच्या मनात जी ऊब पसरली तिच्यातून त्याचं पुढलं आयुष्य निघालं, तरीही. ज्याला देवानं निवडलं तो शेवटपर्यंत टिकणारच, असं ठामपणे सांगितलं ते कॅल्विनच्या परंपरेनं, १६१८-१९ च्या डॉर्टच्या सभेत, आणि तेही आपल्याच घरातल्या आर्मिनियसच्या अनुयायांविरुद्ध. कॅथलिकांच्या घरात तरी शांतता कुठे होती? कृपा आणि माणसाची मोकळी इच्छा यांची सांगड कशी घालायची यावरून डोमिनिकन आणि जेझुइट वीसेक वर्षं भांडले. १६०७ साली पोप पाचवे पॉल यांनी निकालच दिला नाही. दोघांनी एकमेकांना पाखंडी म्हणू नये, इतकंच बजावलं. मला तो निकाल फार आवडतो. आमच्याकडे १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट असे सगळे एका छपराखाली आले. आज एकाच बाकावर कॅल्विनचे आणि वेस्लीचे वारस बसतात आणि तारण टिकतं की जातं, हे शेजारच्याला कुणी विचारत नाही.

हा वाद आपल्या भाषेच्या दारात तसा फार लवकर आला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा माणूस. प्रॉटेस्टंट झालेल्या देशात कॅथलिक राहणं अवघड, म्हणून रोमला जाऊन जेझुइट झाला आणि १५७९ साली गोव्यात उतरला. इंग्लंडात हे भांडण नसतं तर १६१६ चं 'क्रिस्तपुराण' आणि त्यातली मराठीची थोरवी आपल्याला मिळाली असती का, कोण जाणे. पण या विषयाचं सगळ्यांत बोलकं मराठी उदाहरण स्टीफन्सचं नाही, पंडिता रमाबाईंचं आहे, आणि ते तर संपूर्ण प्रॉटेस्टंट घरातलंच आहे.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. तिथल्या भगिनी अँग्लिकन, पण उच्च परंपरेतल्या. संस्कार, चर्चची शिकवण, धर्मगुरूंचा अधिकार या गोष्टी त्यांना जवळजवळ कॅथलिकांइतक्याच मोलाच्या. त्यांच्या दृष्टीनं बाप्तिस्म्याच्या पाण्यात नवा जन्म झालेला होता, आता आज्ञेत वाढायचं. रमाबाईंचा आणि सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार वाचला, की एक बाई सतत 'का?' विचारते आहे आणि दुसरी 'चर्च सांगतं म्हणून' असं प्रेमानं, पण चिकाटीनं बजावते आहे, असं दृश्य उभं राहतं. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी रमाबाईंच्या हातात विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मगुरूचं आत्मकथन पडलं. हा गृहस्थ व्यासपीठावर उपदेश करता करता स्वतःच पालटला होता. ते वाचून रमाबाईंना जाणवलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलेला नाही; आपण धर्म स्वीकारणं हेच तारण समजत होतो. हे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं. यात वाँटेजच्या भगिनींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांचं म्हणणं, झाड आठ वर्षांपूर्वी लावलं, आता फूल आलं. रमाबाईंचं म्हणणं, झाड आज लागलं. कृपा कोणत्या दिवशी आली, या प्रश्नाला संस्कार मानणारा आणि अनुभव मानणारा वेगवेगळ्या तारखा सांगतात. केडगावच्या संस्थेला रमाबाईंनी नाव दिलं ते 'मुक्ती'. तारण हा शब्द हाताशी असताना मुक्ती. शास्त्र कोळून प्यायलेल्या बाईनं तो शब्द सहज उचलला नसणार.

विसाव्या शतकात बर्फ वितळायला सुरुवात झाली. १९५७ साली हान्स क्यूंग या तिशीही न गाठलेल्या कॅथलिक अभ्यासकानं प्रबंध प्रसिद्ध केला: कार्ल बार्थ या थोर प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रज्ञाचं म्हणणं आणि ट्रेंटचं म्हणणं मुळात एकच आहे. त्याला प्रास्ताविक पत्र लिहिलं खुद्द बार्थनं. त्याचा आशय असा, की कॅथलिक शिकवण खरंच अशी असेल तर ट्रेंटच्या ज्या चर्चमध्ये मी दोनदा जाऊन आलो तिथे तिसऱ्यांदा जाऊन त्या धर्मपित्यांची क्षमा मागावी लागेल. यातला 'असेल तर' वजनदार आहे. प्रस्तावना कशी लिहावी याचा मला माहीत असलेला हा सर्वोत्तम नमुना. आपलं हसणं, आपला संशय आणि आपला मान त्यानं एकाच वाक्यात बसवला आहे.

तिथून आउग्सबुर्गपर्यंत बेचाळीस वर्षं लागली. १९९८ च्या उन्हाळ्यात, नीतिमान ठरण्याविषयी कॅथलिक आणि ल्यूथरन यांच्या संयुक्त निवेदनाचा मसुदा तयार असतानाच रोमकडून शंका आली, मुख्यतः त्या 'एकाच वेळी नीतिमान आणि पापी' वर. दुसरीकडे जर्मनीतल्या शेकडाभराहून अधिक प्रॉटेस्टंट प्राध्यापकांनी विरोधाचं पत्रक काढलं. त्यांना वाटलं, आपल्याच लोकांनी ल्यूथर विकला. कार्डिनल राट्झिंगर, म्हणजे पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट, आणि ल्यूथरन बिशप हान्सेलमान यांनी राट्झिंगरांच्या भावाच्या घरी बसून गुंता सोडवला. ते घर रेगेन्सबुर्गमध्ये होतं. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ ला, आउग्सबुर्गच्या सेंट अ‍ॅन चर्चमध्ये सह्या झाल्या. १५१८ साली कार्डिनल कायेतानपुढे जाब द्यायला आलेला ल्यूथर याच ठिकाणच्या मठात उतरला होता.

निवेदन चव्वेचाळीस परिच्छेदांचं, समितीनं लिहिलेलं, त्यामुळे रुक्ष. त्याचा गाभा मात्र दोन ओळींत सांगता येतो: आपल्या कसल्याही लायकीमुळे नाही, केवळ कृपेनं, ख्रिस्ताच्या कार्यावरच्या विश्वासानं देव आपल्याला स्वीकारतो, आणि तोच आपलं मन पालटून सत्कृत्यांना बोलावतो. सोळाव्या शतकातले शाप या शिकवणीला लागू होत नाहीत, असंही त्यात म्हटलं आहे. शाप मागे घेतले असं कुठेच नाही. हा बारकावा वकिली वाटेल, पण पाचशे वर्षांच्या भाऊबंदकीत वाटणीपत्र असंच लिहावं लागतं. पुढे २००६ साली मेथॉडिस्टांनी आणि २०१७ साली रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघटनेनंही सहमती दिली.

ज्यांना वाटतं की आता भांडण संपलं, त्यांनी एवढं आठवावं, की सह्या वाळतात न वाळतात तोच रोमनं २००० च्या जयंतीवर्षानिमित्त क्षमापत्रांतली तीच सूट द्यायला घेतली. आणि जे त्या निवेदनाला कागदाचा तुकडा म्हणतात, त्यांनी १५४७ चे नियम एकदा स्वतः वाचावेत. माझं मत विचाराल तर 'ठरणं की होणं' या प्रश्नावर दोघं हाकेच्या अंतरावर आले आहेत. दूर आहेत ते वेगळ्या प्रश्नावर: ही कृपा माझ्या हाती पडते कुठे? कॅथलिक माणसाला ती चर्चमध्ये, संस्कारांतून, फादरच्या तोंडच्या क्षमेतून, जिवंत आणि मृत मिळून होणाऱ्या एका मोठ्या कुटुंबातून मिळते. ट्रेंटनं पापनिवेदनाला गलबत फुटल्यावर हाती लागणारी दुसरी फळी म्हटलं होतं. प्रॉटेस्टंट माणसाला ती वचन ऐकताना, विश्वास धरताना मिळते. त्याच्या नि ख्रिस्ताच्या मधे उभं राहण्याचा हक्क तो कुणालाच देत नाही, मेलेल्या आजोबांनाही नाही. आपलं तारण झालं आहे असं वडील सरळ सांगत. सासूबाईंना असं बोलणं उद्धटपणाचं वाटे. त्या म्हणत, आशा आहे. वडिलांना ती आशा अविश्वासासारखी ऐकू येई. दोघांनाही एकमेकांची नम्रता शेवटपर्यंत कळली नाही, हे त्यांच्या मधे बसून मी पाहिलं आहे.

शब्दांबद्दल थोडं. कॅथलिक 'स्नानसंस्कार' म्हणतात, प्रॉटेस्टंट 'बाप्तिस्मा'. एक 'श्रद्धा' अधिक म्हणतो, दुसरा 'विश्वास'. या पुस्तकात ज्याचा प्रसंग त्याचा शब्द वापरला आहे. काही वाचकांना ते गैरसोयीचं वाटेल. एकच शब्द नक्की करून बाकीचे गाळावेत, असा सल्ला मला मिळाला होता. तो मी मानला नाही, कारण त्या शब्दांत लोकांची घरं आहेत.

हस्तलिखित आधी वडिलांनी वाचलं. मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या प्रकरणाशेजारी त्यांनी पेन्सिलीनं रोमकरांस पत्रातली दोन वचनं लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रकरण दुरुस्त करून त्यांना दाखवायचं होतं, ते राहिलं. नगरला त्यांच्या अंत्यविधीत त्यांच्या इच्छेप्रमाणे उपदेश झाला, गीतं झाली, त्यांच्यासाठी कुणी काही मागितलं नाही. नोव्हेंबरच्या दोन तारखेला वसईच्या दफनभूमीत मेणबत्त्या लावून आल्यावर सासूबाईंनी मला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "तुझ्या वडिलांच्या नावची एक मिस्सा करायची मनात आहे गं. त्यांना आवडलं नसतं, ठाऊक आहे मला. तू सांग, करू का?"

मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, फादरना नाव कसं लिहून देऊ, नुसतं की आडनावासकट?